वरून वाढलेलं पाणी

२७ जानेवारी २०१६, बुधवार

आडतीच्या दुकानातून यंदाही डायरी आली. आमचे हे होते तोवर त्यात तुरीचे भाव लिहून ठेवायचे. ते गेल्यापासून दोन डायऱ्या कोऱ्याच कपाटात पडल्यात. यंदा म्हटलं आपणच लिहावं. निलंग्याच्या शाळेत सातवीपर्यंत माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. पुढं सगळा जन्म ते किराण्याच्या याद्यांवर गेलं.

काल जिल्हा काही झाला नाही. सव्वीस जानेवारीला उदगीर जिल्हा जाहीर होणार अशी गावभर खबर होती. आमच्या पोरानं, वीरभद्रानं तर फटाक्यांची माळ आणून ठेवली होती. आमच्या खानावळीच्या वर त्यानं आठ खोल्या बांधल्यात आणि पाटीसुद्धा लावून मोकळा झालाय, ‘जिल्हा लॉज’. जिल्हा झाला की साहेब लोक येणार, कचेऱ्या येणार, मुक्कामाला सगळे आमच्याकडं. लातूर जिल्हा झाला तेव्हा तिथल्या स्टँडसमोरच्या लोकांचं कसं भलं झालं ते तो मला डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो. तेव्हा पोरगं पाळण्यात होतं.

मी म्हणाले, जिल्हा होईस्तोवर नुसतं ‘लॉज’ ठेव. रागावून वर गेला. लायसनही अजून आलेलं नाही. फटाके माळ्यावर टाकले.

१४ फेब्रुवारी, रविवार

बोअर गेला. काल संध्याकाळपासून नुसती हवा ओढत होता, आज तीही नाही. आता पाणी टँकरचं, तेही टँकरवाल्याच्या मर्जीनं.

तरी दारातला रांजण मी भरला. हा रांजण सासूबाईंच्या वेळचा. आमची खानावळ बसस्टँडच्या तोंडाशी आहे, त्यामुळं जाणारा-येणारा इथं थांबतोच. कंडक्टर, हमाल, मोंढ्यात तूर घेऊन आलेले शेतकरी, सगळे लांब दांड्याचं ओगराळं बुडवून आपलं आपण पाणी घेतात. जेवायचंच पाहिजे असं काही नाही. आम्ही कुणाला नको म्हटलं नाही कधी.

फक्त केवळाबाईला मी स्वतः वाढते. केवळाबाई स्टँडच्या भिंतीला शिंदीचे फडे, म्हणजे केरसुण्या, बांधून विकते. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. रोज अकराच्या सुमाराला पायरीखाली येऊन उभी राहते. हाक नाही, काही नाही. जर्मनची किटली पुढं धरते आणि मी वरून ओगराळ्यानं धार धरते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी या घरात मला दिलेलं पहिलं काम हेच. म्हणाल्या, तिला वरून घाल आणि सांडू नको. चाळीस वर्षांवर झाली, एक थेंब बाहेर सांडलेला नाही. सून म्हणते तुमच्या हाताला मापच आहे. आहेच.

म्हातारीला एवढा मान देणारं स्टँडवर दुसरं कोण आहे? बाकी सगळे तिला ‘ए फडेवाली’ म्हणतात.

७ मार्च, सोमवार

महाशिवरात्र. उपास होता. लिंगपूजेला आज पळीभर पाण्यातच भागवलं.

वीरभद्रानं सकाळी विषय काढला. “अव्वा, रांजण बंद करावा लागतोय. स्वयंपाकाला पुरून नाही राहिलं पाणी. आन् अख्खा स्टँड येऊन पितोय.”

मी म्हणाले, “तुझ्या आजीच्या हातचा रांजण आहे.”

“आजीच्या टायमाला आडात पाणी होतं की. आन् ती फडेवाली किटली भरून नेती, ते प्यायला का शिंदीच्या पानावर मारायला? पान भिजवल्याबिगर फडा बांधता येत न्हाई, मला ठाऊक हाय.”

हे मला कधी सुचलं नव्हतं. केवळाबाईच्या पुढ्यात ओलं फडकं असतं खरं, त्याखाली पानं असतात. मला जरा राग आला. तिचाच आला. मी रांजण पालथा घातला. आत पाणी नसताना हलका वाटेल असं वाटलं होतं, पण रांजण जडच निघाला.

१० मार्च, गुरुवार

दोन-तीन दिवस न दिसलेली केवळाबाई आज आली, रांजण पालथा बघून उभी राहिली. मी सांगितलं, “केवळाबाई, पाण्याची मुश्कील आहे बघ. आता नाही जमणार.”

“बरं अक्का,” म्हणाली. किटली पदराखाली घेतली आणि गेली.

भांडली असती तर बरं वाटलं असतं. मी पानं भिजवायचा विषय काढणारच होते, पण तिनं तशी संधीच दिली नाही.

२६ मार्च, शनिवार

आज नको ते झालं. दुपारी गर्दीत एक पँटवाला उतारू आला, लातूरकडचा. जेवायचं नव्हतं, नुसतं पाणी मागितलं. आमच्या मल्लम्मानं, ती भाकऱ्या थापते आणि तोंडानं फटकळ आहे, त्याला सांगितलं की पाणी जेवणाऱ्यालाच. त्यानं मोबाइल काढून आमच्या पाटीचा फोटो घेतला.

“हॉटेलवाल्यानं कुणालाबी फुकट पाणी द्यायचं असा कायदा हाय. इंग्रजाच्या टायमाचा. तुमचं लायसन बंद करतो का न्हाई बघा.”

गिऱ्हाईकं घास हातात धरून बघत होती. कुणाच्या तरी मोबाइलवर तो कायदा निघालाही. म्हणे कितीही मोठं हॉटेल असू दे, तहानलेल्याला नाही म्हणता येत नाही. खाली लिहिलेलं, पुढं दहा जणांना पाठवा. वीरभद्राचं तोंड उतरलं. लॉजचं लायसन नगरपालिकेत अडकलंय आणि त्यात ही तकरार.

शेवटी मीच त्या माणसाला पेलाभर पाणी दिलं. प्यायला आणि आभार न मानता गेला. कायद्यानं मिळालेल्या पाण्याचे आभार मानायचे नसतात बहुतेक.

२९ मार्च, मंगळवार

मनातून जाईना म्हणून विरूपाक्षाकडं गेले. माझा भाचा, इथल्याच कोर्टात वकिली करतो. म्हटलं, “पाणी द्यावंच लागतं का नाही, एवढं एका वाक्यात सांग.”

“आत्या, एका वाक्यात सांगितलं तर वकिलाचं कसं चालंल,” म्हणाला आणि चहा मागवला.

मग जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. आपल्याकडं राबणाऱ्या माणसांना पिण्याचं पाणी द्यावंच लागतं, ते मालकावर बंधन आहे. खानावळीच्या लायसनलाही पिण्याच्या चांगल्या पाण्याची अट असते. म्हणजे जेवायला बसलेल्यालाही आलं. पण रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही? ते सगळे त्या दीडशे वर्षांपूर्वीच्या सराईच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळांच्या, कायद्याचं नाव घेतात. विरूपाक्षानं तो कायदा दोनदा वाचला, त्याला तसं कलम त्यात सापडलं नाही. पाणी लोकांचा हक्क आहे असं मोठी कोर्टं म्हणतात, पण तो जिम्मा सरकारचा, खानावळवाल्याचा नाही.

“मग मी सुटले?”

“कायद्यानं बहुतेक सुटलात. एक गोष्ट मात्र पक्की लिहून ठेवलेली हाय. पाणी आहे आन् जातीवरनं कुणाला नाकारलं, हात लावू दिला न्हाई, तर सरळ गुन्हा. तिथं कोर्ट काही ऐकून घेत न्हाई. पण तुमचा तो प्रश्नच न्हाई.”

तो आमचा प्रश्नच नाही. आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं. येताना पाय हलके पडत होते.

८ एप्रिल, शुक्रवार

पाडवा. वीरभद्राला वकिलाचं पटलं नाही. म्हणाला, कायदा असो-नसो, फोटो तर फिरून राहिलाय. म्हणून त्यानं तोटीवाला थंड पाण्याचा जार आणून दारात स्टुलावर ठेवला. वर पत्र्याचा बोर्ड, ‘पिण्याचे पाणी. सर्वांसाठी मोफत. सौजन्य जिल्हा लॉज.’ मोबाइलवर त्याचाही फोटो फिरवला. जारला साखळीनं पेला बांधला, कारण स्टँडवर पेला तासभर टिकत नाही.

मी बोर्ड तीनदा वाचला. सर्वांसाठी म्हणजे सर्वांसाठी. रांजणापेक्षा बरंच झालं, ओगराळ्याची कटकट नाही, दाबलं की पाणी. आता कुणाला वाढत बसायला नको. सणाच्या दिवशी चांगलं काम झालं असं वाटलं. पुरणपोळी गोड लागली.

१३ एप्रिल, बुधवार

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मिरजेहून डबे भरून. टीव्हीवर लोक त्या गाडीला हार घालत होते. वीरभद्र म्हणाला, उदगीर जिल्हा असतं तर आपल्यालाही गाडी आली असती. त्याच्या डोक्यात जिल्ह्याशिवाय काही उरलं नाही.

जार दिवसात दोनदा रिकामा होतोय. सगळे पितात, बोर्ड वाचून कौतुक करतात. केवळाबाई मात्र एकदाही फिरकली नाही. रांजण बंद केला त्याचा राग धरून बसली असेल. म्हातारी माणसं रुसली की पोरांपेक्षा वाईट.

२० एप्रिल, बुधवार

आज केवळाबाई आली. अकराच्याच सुमाराला. मी गल्ल्यावर होते, तिथून दार दिसतं. जारापासून हातभर लांब उभी राहिली, किटली धरून. तोटीकडं बघत होती. एक कॉलेजची पोरगी आली, पाणी प्यायली, गेली. केवळाबाई तशीच.

मी आतूनच हाक मारली, “घे की केवळाबाई. फुकट आहे ते.”

“घेते की अक्का.”

तेवढ्यात मल्लम्मानं विचारलं वरण आणखी टाकू का, म्हणून मी आत गेले. परत आले तेव्हा ती नव्हती. किटली भरून गेली असेल. जारातलं पाणी काही कमी दिसलं नाही, पण जाराचं काही कळत नाही.

तिचे ओठ फुटलेत. ऊनच असं आहे.

२६ एप्रिल, मंगळवार

घरचा फडा झिजला म्हणून केवळाबाईकडं मीच गेले. तिच्या पुढ्यात चारच फडे होते, तेही वाळून तडतडीत. मी म्हटलं, “हा तर दोन दिवसांत मोडेल.”

“पान भिजवायला पाणी न्हाई अक्का. वाळकंच बांधून राहिले. वस्तीवर आठ दिसाला टँकर येतो. त्यातलं पिवून निघते.”

म्हणजे त्या दिवशी ती जारावरून किटली भरून गेलीच नव्हती. फडे वाळके आहेत म्हणजे तिला कुठलंच पाणी मिळत नाही. हे मला तिथं उभी असताना कळलं. पण बोलले काय, तर “जार ठेवलाय की दारात, तू येत का नाहीस?” आणि तेही जरा चढ्या आवाजात. आजूबाजूला लोक होते.

ती हसली. “येते की.”

फडा घेतला. दिवाळीला लक्ष्मीपूजनाला फडा मी हिच्याकडचाच घेते, हळद-कुंकू वाहून देवघरात ठेवते. दुसरीकडचा चालत नाही मला.

२ मे, सोमवार

केवळाबाई पडली. दुपारी दीडला स्टँडवर गलका झाला. हमालांनी उचलून आमच्या पायरीवर आणली, सावली तेवढीच होती. अंग भाजत होतं, घाम नाही. मी जारातलं पाणी तोंडावर मारलं, पदर भिजवून कपाळावर ठेवला. वीरभद्रानं, खोटं का बोला, काही विचारलं नाही, सरळ रिक्षा आणली आणि दवाखान्यात घेऊन गेला. सरकारी दवाखान्यात सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणाले उष्माघात. तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं.

पायरीवर तिची किटली राहिली. उघडून पाहिली. कोरडी ठणठणीत. जारापासून तिची बसायची जागा मोजून तीस पावलं आहे, मी मोजली.

३ मे, मंगळवार

पेज घेऊन दवाखान्यात गेले. केवळाबाई शुद्धीवर होती. उशाला तिची सून. मला बघून दोघीही सावरून बसायला लागल्या. मी म्हटलं, पडून राहा.

मग माझं तोंड सुटलं. इतक्या दिवसांचं साठलं होतं. म्हटलं, “तीस पावलांवर थंड पाणी. फुकट. बोर्ड लावलाय एवढा मोठा. आणि तू रुसून तहानेनं मरतेस? माझ्या दारात? लोक मला काय म्हणतील?”

“रुसले न्हाई अक्का. तुमच्यावर कशापायी रुसू?”

“मग तोटी दाबायला काय झालं होतं?”

ती सलाईनचा हात दुसऱ्या हातानं धरून बसली. मग म्हणाली, “वाढायला कुणी नव्हतं.”

“वाढायला काय लागतंय? बोर्डवर लिहिलंय सर्वांसाठी.”

“मला वाचाया येत न्हाई. आन् लिहिलं असंल. पर गुरम्माअव्वांनी सांगितलेलं हाय ना. तुमच्या सासूबाईंनी. भांड्याला हात लावायचा न्हाई, वाढलेलं घ्यायचं. ते मोडायचं हाय असं मला कुणी सांगितलं न्हाई.” थोडं थांबून म्हणाली, “तुमीबी वरूनच घालायच्या की.”

रागानं नाही म्हणाली. कुणाला पत्ता सांगावा तसं म्हणाली.

पेजेचा डबा तिच्या सुनेकडं दिला. रिक्षा न करता चालत घरी आले.

४ मे, बुधवार

काही लिहायचं नाही.

५ मे, गुरुवार

लिहिते. फेब्रुवारीतलं पान काढून वाचलं. त्यात लिहिलंय, सासूबाई म्हणाल्या वरून घाल आणि सांडू नको. सासूबाईंचं बोलणं एवढंच नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, “हिच्या हातात ओगराळं द्यायचं नाही. वरून घाल आणि सांडू नको.” पहिलं वाक्य मी लिहिलंच नाही. विसरले होते असं आता लिहिणार होते. पण विसरले नव्हते. मागचं वाक्य चांगलं होतं म्हणून तेवढं जपून ठेवलं.

मला वाटायचं मी तिला मान देते. खरंच वाटायचं. चाळीस वर्षं ती मान वर करून धार बघत राहिली आणि मी थेंब सांडला नाही म्हणून खूश.

विरूपाक्षानं तर तोंडावर सांगितलं होतं, हात लावू दिला नाही तर गुन्हा. मी चहा पिऊन परत आले.

९ मे, सोमवार

बसव जयंती. व्यापारी मंडळानं आज माझा सत्कार ठेवला होता, मोफत पाण्याबद्दल. शाल, श्रीफळ. नगरपालिकेचे साहेब येणार म्हणून वीरभद्राला कोण आनंद. मी म्हणाले पोटात दुखतंय, तू जा. पोटात काही दुखत नव्हतं.

सगळे मिरवणुकीला गेल्यावर मी वस्तीवर गेले. इतकी वर्षं उदगिरात काढून केवळाबाईचं घर मी पाहिलं नव्हतं. पत्र्याचं आहे, पण आत सारवलेलं लख्ख. सुनेनं घोंगडी टाकली. बसा म्हणाली. तब्येतीचं बोलणं झालं, उन्हाचं झालं, टँकरचं झालं. पाणी कुणी दिलं नाही.

आमच्याकडं दारात माणूस आलं की आधी तांब्या येतो, मग बोलणं. दुष्काळ असला तरी घोटभर येतोच. मी वाट पाहत राहिले. मग ध्यानात आलं की यांनी दिलं नाही, कारण यांना माहीत आहे मी घेणार नाही. यांना कुणी तरी कधी तरी तसं दाखवलेलं असणार. मीच दाखवलं असेल, आठवत नाही.

मी म्हणाले, “मला पाणी दे.”

सुनेनं केवळाबाईकडं बघितलं. मग म्हणाली, “कोपऱ्यावर दुकान हाय. बाटली आणते अक्का. बंद बाटली.”

“बाटली नको. तुमच्या माठातलं दे.”

“टँकरचं हाय ते.”

“आमचंही टँकरचंच आहे.”

स्टीलचा पेला तिनं दोनदा विसळला. त्यात तिचं पाणी वाया गेलं म्हणून मला वाईट वाटलं. मी पेला तोंडाला लावून प्यायले. गरम होतं आणि थोडं मचूळ. तहान लागलीच होती, सगळं प्यायले. केवळाबाई माझ्याकडं बघत नव्हती, मुद्दाम भिंतीकडं बघत होती.

निघताना म्हणाले, “बरी झालीस की ये.”

“येते अक्का.”

तसंच म्हणाली, जसं मी जाराचं बोलले तेव्हा म्हणाली होती.

१२ मे, गुरुवार

रांजण उलटा होता तो सुलटा केला. वीरभद्र म्हणाला, “अव्वा, जार हाय की. दोन-दोन कशाला?”

त्याला सगळं सांगितलं, आजीचं वाक्य पूर्ण. तो नख कुरतडायला लागला. मग म्हणाला, “मला तर वाटायचं तू त्या म्हातारीचे लाड करतीस.” मी म्हणाले मलाही तसंच वाटायचं.

पाण्याचा मार्ग मल्लम्मानंच काढला. ताटं धुणं बंद, जेवण पत्रावळीवर. एवढ्यात रांजणाचं पाणी निघतंय. हे मार्चमध्ये कुणाला सुचलं नाही, कारण कुणी विचारच केला नव्हता.

लायसनचा कागद आला. जिल्ह्याची काही खबर नाही.

१७ मे, मंगळवार

आठवडाभर अकरा वाजले की माझं लक्ष दाराकडं. आज ती आली. अशक्त झालीय, काठी घेऊन आली. नेहमीसारखी पायरीखाली उभी राहिली आणि किटली पुढं धरली.

आत जेवणारे सात-आठजण होते. मी पायरी उतरून खाली गेले. रांजणातलं ओगराळं काढून तिच्यापुढं धरलं.

“घ्या.”

तिनं हात मागं घेतला. “तुमी घाला अक्का. मी पिते. सवय हाय.”

“मला आधी द्या. तहान लागलीय.” आणि मी ओंजळ धरून खाली वाकले.

गुडघे दुखत होते. वाकल्यावर कळलं इथून वर बघायला कसं वाटतं. मोंढ्यातले एक आप्पा, रोजचे जेवणारे, सासूबाईंच्या ओळखीतले, पत्रावळ तशीच टाकून माझ्याकडं न बघता उठून गेले. जाऊ देत.

तिनं ओगराळं घेतलं. दांडा कुठं धरायचा ते तिला माहीत होतं, इतकी वर्षं बघितलेलं होतं. रांजणात बुडवून काठोकाठ भरलं, पण धार धरायची सवय नव्हती. धार माझ्या ओंजळीत पडली, मनगटावर पडली, लुगड्यावर पडली, पायरीवर पडली.

“सांडलं अक्का. लई सांडलं,” म्हणाली. घाबरली होती.

“सांडू द्या.”

मी प्यायले. तोंड पुसून उठले तर तिनं ओगराळं मला परत दिलं आणि किटलीचं झाकण काढून पुन्हा माझ्यापुढं धरली. मी ओगराळं घेतलं आणि रांजणात सोडलं, दांडा तिच्या बाजूला करून. ती दांड्याकडं बघत उभी, मी तिच्या शेजारी उभी.

आतून मल्लम्मा ओरडली, “अक्का, गिऱ्हाईक खोळंबलंय.”

मी म्हणाले, थांबू दे.